कारखान्याच्या संगणकांवरील देखरेख-सॉफ्टवेअर : वापरानंतरचा अभिप्राय

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ओतकाम आणि मशीनिंग करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात संगणक, सर्व्हर आणि नेटवर्क यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर देखरेख ठेवणारे एक सॉफ्टवेअर आमच्याकडे घेण्यात आले, ते बसवण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यातील नोंदी पाहण्याचा अधिकारही मलाच मिळाला. माझा लॅपटॉप कारखान्याच्याच मालकीचा असल्याने त्या नोंदींत मीही आहे. विक्रेत्याचे आणि उत्पादनाचे नाव येथे देत नाही. या प्रकारची बाजारातील बहुतेक उत्पादने एकाच घडणीची आहेत आणि हा अभिप्राय त्या घडणीबद्दलच आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. कारखान्याच्या फायली सांभाळण्यासाठी हे सॉफ्टवेअर चांगले आहे आणि दिलेल्या पैशांचा मोबदला देते. माणसांवर नजर ठेवण्यासाठी त्यात जे काही दिले आहे ते मात्र कोणत्याही कारखान्याने, सहकारी सोसायटीने वा शाळेने चालू करू नये, आणि ते भाग पूर्णपणे बंद करता येत नसतील तर उत्पादन घेऊच नये.

आमची गरज खरी होती, हे प्रथम नोंदवले पाहिजे. हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह यांची कास्टिंग्ज ओतणाऱ्या फौंड्रीकडे ग्राहक आपली ड्रॉइंग्ज गोपनीयतेच्या करारावर देतात. ती ड्रॉइंग्ज, त्यांवरून आमच्या लोकांनी तयार केलेली पॅटर्नची (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याची) त्रिमितीय मॉडेल्स, गेटिंग आणि रायझरची (साच्यात वितळलेला धातू नेणाऱ्या वाटांची आणि साठ्यांची) रचना, आणि कोटेशनमागचे दरांचे गणित हे सगळे एका पेनड्राइव्हमध्ये मावते. उद्यमबागेत, मच्छ्याला, होनग्याला एकाच प्रकारचे काम करणारे कारखाने एकमेकांना लागून आहेत, माणसे एका ठिकाणची नोकरी सोडून दुसरीकडे जातात, आणि त्यात गैर काही नाही. पण जाताना ग्राहकाचे ड्रॉइंग सोबत गेले तर करार आमच्यावर उलटतो. ग्राहकांकडून तपासणीसाठी येणारे अधिकारीही आता विचारतात की ही फाइल कोणाकोणाला उघडता येते आणि ती बाहेर गेल्यास तुम्हाला कळते का. या प्रश्नांना उत्तर हवे, म्हणून मालकांनी सॉफ्टवेअर घेण्याचे ठरवले आणि तो निर्णय योग्यच होता.

या कामात सॉफ्टवेअर विश्वासार्ह ठरले. प्रत्येक संगणकावर एक लहान प्रोग्रॅम बसतो आणि तो कारखान्यातील सर्व्हरशी बोलत राहतो. पेनड्राइव्ह लावल्यास तो ओळखीचा आहे की नाही हे तपासले जाते; ओळखीचा नसेल तर त्यावरून फाइल वाचता येते, पण त्यावर लिहिता येत नाही. ठरवून दिलेल्या फोल्डरांतील फाइल कोणी उघडली, कोणी तिची प्रत काढली, कोणी ईमेलला जोडली याची नोंद राहते. ही नोंद फाइलची आहे, त्या माणसाच्या दिवसभराच्या वागण्याची नाही, आणि मला हा भेद या संपूर्ण उत्पादनात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोणत्या संगणकावर कोणते प्रोग्रॅम आहेत, कोणाचे लायसन्स संपत आले, कोणत्या यंत्रावर विंडोजचे सुरक्षा-अपडेट राहून गेले हेही एका पानावर दिसते. वीज गेल्यावर आणि यूपीएस संपल्यावर बंद पडलेली यंत्रे पुन्हा सुरू झाली की राहिलेल्या नोंदी आपोआप सर्व्हरवर पोहोचतात. आमच्या भागात ही सोय लहान नाही. एवढ्याच भागासाठी अभिप्राय लिहायचा असता तर मी येथेच थांबलो असतो.

परंतु विक्रेत्याच्या दृष्टीने हा भाग दुय्यम होता. त्याच्या प्रात्यक्षिकाचा बहुतेक वेळ दुसऱ्या भागावर गेला: ठराविक मिनिटांनी घेतले जाणारे स्क्रीनशॉट, दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद, भेट दिलेल्या संकेतस्थळांची यादी, माउस आणि कीबोर्ड स्थिर राहिल्याची मिनिटे, आणि या सर्वांवरून प्रत्येक कर्मचाऱ्यासमोर दिलेला टक्केवारीतील गुण. सॉफ्टवेअर बसवताच हे सर्व मुळातच चालू असते; बंद करण्यासाठी एकेका गटात शिरून खुणा काढाव्या लागतात. चाचणीसाठी विक्रेत्याच्या माणसाने ते जसे येते तसेच काही यंत्रांवर चालू ठेवले, आणि त्या काळात मला जे दिसले त्यावरून माझे मत पक्के झाले.

डॅशबोर्ड उघडल्यावर लहान लहान चित्रांची रांग दिसते. एका चित्रात एका महिला सहकाऱ्याच्या पडद्यावर प्रयोगशाळेने पाठवलेला तपासणी-अहवाल होता. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःच्या ईमेलमधून तो उघडला असावा, कारण छपाईयंत्र ऑफिसातच आहे आणि संध्याकाळी डॉक्टरांना कागद दाखवायचा असणार. तिचे नाव, वय, तपासणीचा प्रकार, ठळक अक्षरांतील आकडे, सर्व स्पष्ट वाचता येत होते. मी चित्र बंद केले. पण ते सर्व्हरवर राहिले, आणि मूळ मांडणीनुसार ते तीन महिने राहणार होते, शिवाय ज्यांच्याकडे व्यवस्थापकाचा पासवर्ड आहे अशा प्रत्येकाला ते पाहता येणार होते. त्या बाईंनी कारखान्याचे काहीही लपवले नव्हते, कामाचा एक मिनिटही बुडवला नव्हता. तरीही घरात फक्त एक-दोघांना ठाऊक असलेली गोष्ट आता ऑफिसच्या यंत्रणेत तारीख-वेळेसह साठवलेली होती. मी त्याच दिवशी मालकांना भेटून स्क्रीनशॉटचा विभाग बंद करण्याची आणि घेतलेली चित्रे पुसण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. कारणाचा तपशील त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही, आणि या बाबतीत मी त्यांचा ऋणी आहे.

येथे कोणी म्हणेल की ऑफिसच्या संगणकावर खासगी काम करायचेच कशाला. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटेल. आमचे अनेक लोक खानापूर तालुक्यातून बसने किंवा रेल्वेने येतात. घरी मोबाइल आहे, संगणक नाही, छपाईयंत्र तर नाहीच. कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावरून शेताचा उतारा काढायचा आहे, ‘सेवा सिंधू’ या सरकारी सेवांच्या संकेतस्थळावर अर्ज भरायचा आहे, आईच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे का आले नाहीत हे पाहायचे आहे, मुलीच्या अभियांत्रिकी प्रवेशाची कागदपत्रे ठरलेल्या आकारात चढवायची आहेत: ही कामे मोठ्या पडद्यावर आणि कामाच्या दिवशीच होतात, कारण सरकारी कचेऱ्याही त्याच वेळी उघड्या असतात. आमच्याकडे फार पूर्वीपासून अशी समजूत आहे की जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी संपल्यावर कोणीही ही कामे करावीत, कागद वापरल्यास सांगावे. त्या समजुतीमुळे अर्ध्या दिवसाच्या रजा वाचतात. सॉफ्टवेअरने ही सर्व संकेतस्थळे ‘अनुत्पादक’ या लाल रंगाच्या खान्यात टाकली. त्याच्या यादीत इंग्रजी व्यापारी संकेतस्थळांची वर्गवारी बारकाईने केलेली आहे. मराठी वा कन्नड मजकुराचे पान दिसले की ते सरसकट करमणुकीत जाते. हिशेब विभागातील एक सहकारी जीएसटीसंबंधीची कन्नड परिपत्रके वाचत असताना त्याचा गुण खाली जात होता. यादी हाताने दुरुस्त करता येते, पण ती करत बसणे म्हणजे कोणाचे कोणते वाचन कामाचे हे मी ठरवणे, आणि ते ठरवण्याची पात्रता माझ्याकडे नाही.

निष्क्रिय मिनिटांच्या मोजणीबद्दल तर फार बोलण्याची गरज पडू नये. गुणवत्ता विभागाचा माणूस दिवसातला निम्मा वेळ साच्यांजवळ, भट्टीजवळ किंवा मोजमाप-यंत्राजवळ उभा असतो. पॅटर्नचा आराखडा करणारा कागदावर पेन्सिलीने आकृती काढून मग संगणकाकडे वळतो. खरेदीवाल्याचे काम फोनवर चालते. या तिघांचेही गुण आमच्याकडे सर्वांत कमी आले. जो दिवसभर एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्यात आकडे चढवतो त्याचे गुण सर्वांत जास्त. फ्रान्समधील माहिती-संरक्षण प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील एका कंपनीला ४०,००० युरोंचा दंड केला, तो नेमका याच प्रकारच्या सॉफ्टवेअरवरून: काही मिनिटे माउस-कीबोर्ड हलला नाही की तो वेळ निष्क्रिय धरला जाई आणि पडद्याची चित्रे नियमित घेतली जात. बैठक आणि फोन हेही कामच असते, त्यामुळे अशी मोजणी कामाच्या वेळेचे खरे माप ठरत नाही, हे त्या प्राधिकरणाने स्पष्ट केले. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये आणलेल्या आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मधून त्याच वर्षीच्या डिसेंबरात टीकेनंतर व्यक्तींची नावे काढून टाकली आणि आकडे संस्थेच्या पातळीवर ठेवले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे मागे घ्यावे लागले ते आमच्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात अजून पहिल्या पानावर आहे.

कळींच्या नोंदीचा विभाग सर्वांत घातक आहे. कळ कोणत्या खिडकीत दाबली याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दर महिन्याचे बँक खात्याचे पान असो, कारखान्याच्या सर्व्हरचे असो वा भावाला लिहिलेला निरोप असो, सर्व अक्षरे एका ओळीत साठतात. पासवर्ड पडद्यावर ठिपक्यांत दिसतो, नोंदीत तो उघडा असतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३अ खाली २०११ मध्ये केलेल्या नियमांत पासवर्ड, बँक खात्याचा आणि कार्डाचा तपशील, आरोग्याची स्थिती, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक माहिती यांना संवेदनशील वैयक्तिक माहिती म्हटले आहे, आणि ती घेण्यापूर्वी संबंधित व्यक्तीची लेखी संमती असावी, घेण्याचे कारण कायदेशीर आणि आवश्यक असावे अशी अट आहे. कळींची नोंद चालू करणारा प्रत्येक मालक हे सर्व आपल्या सर्व्हरवर गोळा करतो, बहुधा नकळत, आणि तो सर्व्हर कोणी फोडला तर कर्मचाऱ्यांच्या बचत खात्यांच्या किल्ल्या चोराच्या हाती देतो. विक्रेत्याने हा विभाग ‘सुरक्षा’ या शीर्षकाखाली ठेवला आहे. मी तो बंद केलाच, शिवाय प्रोग्रॅमच्या त्या भागाची फाइल यंत्रांवर उतरणारच नाही अशी मांडणी करून घेतली. विक्रेत्याच्या तंत्रज्ञाला ही मागणी नवी होती, पण त्याने ती मन लावून पूर्ण केली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

सांकेतिक (एन्क्रिप्टेड) संपर्काबद्दल लोकांच्या मनात गैरसमज आहेत, म्हणून थोडे थांबतो. पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले की मधले कोणी वाचू शकत नाही, असे आपण धरून चालतो, आणि स्वतःच्या यंत्रावर ते बहुतांशी खरे असते. कारखान्याच्या यंत्रावर मात्र व्यवस्थापक आपले स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे ज्याच्या आधारे ब्राउझर संकेतस्थळाची ओळख खरी मानतो ते, विश्वासार्ह प्रमाणपत्रांच्या यादीत घालू शकतो. मग नेटवर्कच्या दारावरील उपकरण प्रत्येक संपर्क उघडते, वाचते आणि आपल्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करून पुढे पाठवते. ब्राउझरला त्यात वावगे काही दिसत नाही. हे चालू आहे का, हे कुलपाच्या खुणेवरून प्रमाणपत्र उघडून ते कोणी दिले आहे ते वाचले की समजते. बँकेच्या पानावर प्रमाणपत्र देणाऱ्याच्या जागी आपल्या कंपनीचे किंवा एखाद्या फायरवॉलचे नाव असेल तर तेथे पासवर्ड टाकू नये. व्हॉट्सॲपचे संदेश दोन टोकांमध्ये सुरक्षित असतात हे खरे आहे. पण व्हॉट्सॲप वेब ऑफिसच्या पडद्यावर उघडले की ते टोकच देखरेखीखाली असते. क्रोमच्या गुप्त (इन्कॉग्निटो) खिडकीबद्दलही तसेच: तुमचा वावर नोकरी देणाऱ्याला वा शाळेला दिसू शकतो, असे ती खिडकी उघडताच तेथेच लिहिलेले असते, आणि ते कोणी वाचत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये संपर्क उघडण्याची सोय आहे. बँका, रुग्णालये आणि सरकारी सेवा यांना वगळण्याची यादीही आहे, पण ती रिकामी येते. आम्ही ही सोय वापरत नाही.

उत्पादनाबद्दल माझा सर्वांत गंभीर आक्षेप त्याच्या लपून चालण्याच्या पद्धतीवर आहे. बसवतानाच विचारले जाते: प्रोग्रॅम दिसावा की अदृश्य राहावा? अदृश्य निवडल्यास घड्याळाशेजारी खूण येत नाही, प्रोग्रॅमांच्या यादीत नाव येत नाही आणि चालू प्रक्रियांत ते विंडोजच्या एखाद्या नेहमीच्या सेवेसारखे दिसते. विक्रेत्याचा आग्रह याच पर्यायासाठी होता, कारण लोकांना कळले तर ते सावध होतात, असे तो म्हणाला. ड्रॉइंग बाहेर जाऊ नये हा उद्देश असेल तर लोकांनी सावध होणे हेच आपल्याला हवे आहे. लपवलेली देखरेख चोरी थांबवत नाही. ती चोरी होऊ देते आणि नंतर माणूस पकडते, आणि त्या एका माणसाच्या शोधात बाकी सर्वांचे खासगी आयुष्य गोळा करत राहते.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी दिलेला बर्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया हा निकाल या मुद्द्यावर वाचण्यासारखा आहे. विक्री-अभियंता असलेल्या बर्बुलेस्कू यांनी मालकाच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते; त्यावरून भावाशी आणि वाग्दत्त वधूशी केलेले बोलणे मालकाने नोंदवून घेतले आणि २००७ मध्ये त्यांना कामावरून काढले. कंपनीच्या नियमांत खासगी वापराला पूर्ण बंदी होती आणि ती त्यांना माहीत होती. तरीही न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, कारण देखरेख चालू आहे, ती कशा स्वरूपाची आहे आणि मजकूरही वाचला जाणार आहे याची पूर्वसूचना त्यांना मिळाली होती का, हे रुमानियाच्या न्यायालयांनी नीट तपासलेच नव्हते. आणि मालकाचे नियम कामाच्या ठिकाणचे खासगी सामाजिक जीवन शून्यावर आणू शकत नाहीत, असेही सांगितले. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातील कसोटी कोणत्याही कारखान्याला लावता येते: सांगितले होते का, गरज होती का, आणि यापेक्षा कमी घुसखोरी करून तेच काम झाले नसते का.

आपल्याकडील पाया २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि ज्यांच्या याचिकेवर तो ठरला ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती होते. आपल्या राज्यातील माणसाने हे मिळवून दिले याचा मला अभिमान वाटतो. मूलभूत हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागता येतात, म्हणून खासगी मालकासाठी वेगळा कायदा लागतो. तो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ या रूपाने आला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. माहितीच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला पाहिजे, असे कलम ५ सांगते. कलम ७ मात्र नोकरीच्या प्रयोजनासाठी, आणि मालकाचे नुकसान वा व्यापारी गुपितांची गळती टाळण्यासाठी, संमतीशिवायही माहिती वापरू देते. आणि जेथे संमती लागत नाही तेथे कलम ५ ची सूचनाही लागत नाही. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी फट आहे. विक्रेत्याचा माणूस हेच कलम पुढे करून मला म्हणाला की तुम्हाला कोणाला काही सांगण्याची गरजच नाही. कलमाचा उद्देश गुपिते राखण्याचा आहे. एखाद्याचा वैद्यकीय अहवाल साठवणे त्या उद्देशात कसे बसते, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

सॉफ्टवेअरसोबत येणारे सूचनापत्र इंग्रजीत, दाट अक्षरांत, वकिली भाषेत आहे. आमच्याकडील बरेच लोक मराठी माध्यमातून शिकलेले, काही कन्नड माध्यमातून. इंग्रजी कागदावर सही करताना ते विश्वासाने करतात, वाचून नव्हे. म्हणून आम्ही ते पत्र बाजूला ठेवले आणि एका पानाची सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून काढली. कन्नड मजकूर स्टोअरमधील सहकाऱ्याने केला आणि दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिले. कोणत्या फोल्डरांवर नोंद आहे, कोणती नोंद किती दिवस राहते, ती कोण पाहू शकतो, काय मुळीच पाहिले जात नाही, आणि सुट्टीच्या वेळेत स्वतःचे काम करण्यास मोकळीक आहे, एवढेच त्यात आहे. ती सूचना प्रत्येक यंत्रावर लॉगिन करताना दिसावी अशी माझी इच्छा होती. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जागा आहे, पण देवनागरी जोडाक्षरे तेथे तुटतात, त्यामुळे आम्ही पान छापून प्रत्येक टेबलावर दिले. एवढे महाग उत्पादन भारतात विकताना हे दुरुस्त न करणे मला अक्षम्य वाटते.

मोबाइलबद्दल थोडक्यात. विक्रीसाठी फिरणाऱ्या लोकांचे फोन त्यांच्या स्वतःच्या मालकीचे आहेत आणि त्यांवरही हाच प्रोग्रॅम बसवावा असा विक्रेत्याचा प्रस्ताव होता, ज्यात फोन कुठे आहे हेही दिवसरात्र कळते. आम्ही त्याऐवजी अँड्रॉइडमधील वर्क प्रोफाइल वापरले, आणि ते मी मनापासून सुचवतो. अँड्रॉइड ५.० पासून ही सोय आहे. फोनवर कामाचा एक वेगळा कप्पा होतो, त्यातील ॲप्सवर बॅगेची लहान खूण असते. कंपनीला त्या कप्प्यातील मेल, फायली आणि ॲप्स सांभाळता येतात, बाहेरील फोटो, निरोप, खासगी ॲप्समधील मजकूर तिला दिसत नाही. पाळी संपली की कप्पा थांबवून ठेवता येतो. नोकरी सुटली तर कंपनी तो कप्पाच पुसते, मुलांचे फोटो जागेवर राहतात. देखरेखीचे साधन कसे असावे याचा हा नमुना आहे: भिंत यंत्रातच बांधलेली आहे, ती व्यवस्थापकाच्या सभ्यतेवर अवलंबून नाही. संगणकासाठीच्या आमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी भिंत नाही. तेथे सर्व काही माझ्या सभ्यतेवर सोडले आहे, आणि उद्या माझ्या जागी कोण येईल हे मी सांगू शकत नाही.

ज्यांच्या ऑफिसात असे काही बसवले आहे की नाही हे माहीत नाही, त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडल्यास यंत्र कोणाच्या व्यवस्थापनाखाली आहे ते दिसते, आणि क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे असेल तर ब्राउझरवरही नियंत्रण आहे. लपून चालणारा प्रोग्रॅम यांतून सापडेलच असे नाही, म्हणून ऑफिसच्या क्रोममध्ये आपल्या खासगी गूगल खात्याने सिंक चालू करू नये. तसे केल्यास घरचे सर्व जतन केलेले पासवर्ड त्या यंत्रावर उतरतात. वकिलाशी, डॉक्टरांशी आणि नव्या नोकरीसंबंधीचा पत्रव्यवहार स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या डेटावर करावा. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिलेल्या स्टेंगार्ट प्रकरणात कर्मचारी महिलेने कंपनीच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या याहू खात्यातून वकिलाला पत्रे लिहिली होती. तिने नोकरी सोडल्यावर कंपनीने डिस्कची प्रत काढली आणि ब्राउझरने आपोआप साठवलेल्या तात्पुरत्या फायलींतून ती पत्रे मिळवली. न्यायालयाने गोपनीयता तिच्या बाजूने राखली. पण पत्रे परक्याने वाचून झाली होती.

त्या प्रकरणामुळे आमच्याकडे लॅपटॉप परत घेण्याची पद्धत आम्ही बदलून घेतली. सोडून जाणारा माणूस समोर बसून आपल्या खासगी फायली काढून घेतो, ब्राउझरमधील खात्यांतून बाहेर पडतो, मग कामाच्या फायली सर्व्हरवर जातात आणि त्याच्या देखत डिस्क पुसली जाते. त्याच्या नावावरील नोंदी ग्राहकाच्या कराराला लागतील तेवढ्याच राहतात. सॉफ्टवेअरमध्ये एका माणसाच्या नोंदी वेगळ्या काढून पुसण्याची सोय नाही, सर्वांच्या एका तारखेपूर्वीच्या नोंदी एकदम जातात. नवा कायदा पूर्ण लागू होईल तेव्हा, जेथे संमतीवर माहिती घेतली आहे तेथे, ती पुसून मागण्याचा हक्क माणसाला असेल आणि या सॉफ्टवेअरला ते करताच येणार नाही.

नूतनीकरणाच्या वेळी आम्ही विक्रेत्याला तीन मागण्या लेखी दिल्या आहेत: सर्व निरीक्षण-विभाग मुळातच बंद येतील, प्रत्येक कर्मचाऱ्याला आपल्याबद्दलची नोंद स्वतः मराठीत किंवा कन्नडमध्ये पाहता येईल, आणि एका व्यक्तीच्या नोंदी वेगळ्या पुसता येतील. पहिली त्याने मान्य केली आहे, तिसरीवर काम चालू असल्याचे कळवले आहे, दुसरीला उत्तर नाही. तोवर पैसे फक्त फायली, पेनड्राइव्ह आणि अपडेट या विभागांचेच दिले जातील, असे मालकांनी ठरवले आहे.